आमच्या गाडीचा डावा दिवा

आम्ही तिघी जमलो की हा विषय निघतोच. कुणाच्या मुलीचं लग्न असो, कुणाचा रिटायरमेंटचा सत्कार असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतं, "बैसाणेबाई, तो गाडीच्या दिव्याचा किस्सा सांगा ना!"

किस्सा! एक असता तर सांगून मोकळी झाले असते. एका बिघडलेल्या दिव्यापायी इतके साठलेत की एक ओढला की मागून दुसरा येतो. लोक पोट धरून हसतात. मीही हसते, वरवर. पण खरं सांगू? मला अजून राग येतो. एवढी वर्षं झाली, केस पिकले, तरी येतो!

आधी माणसं सांगते, नाहीतर घोळ होईल. मी बैसाणे. मराठी शिकवायचे. कोल्हेबाई विज्ञानाच्या, माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं, आणि आवाज या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. तिसऱ्या अहिरेबाई, आमच्यात सगळ्यांत लहान, गणिताच्या. तिघी धुळ्याला देवपुरात राहायचो आणि शाळा होती साक्री रोडवरच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, आमचे तेव्हाचे हेडमास्तर अजून ठणठणीत आहेत.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. शाळा पाचला सुटायची. त्यानंतरची एस.टी. आमच्या फाट्यावर थांबायचीच नाही. खच्चून भरलेली असायची, ड्रायव्हर लांबूनच नकाराचा हात हलवायचा. पुढची गाडी सातला, तीही आली तर. अहिरेबाईंचं बाळ तेव्हा तान्हं होतं. फाट्यावर उभ्या उभ्या त्यांचं ब्लाऊज दुधानं भिजायचं आणि त्या पदर पुढे ओढून रस्त्याकडे बघत राहायच्या. घरी त्यांच्या सासूबाई बाळाला वाटी-चमच्यानं पाजायच्या आणि रोज एकच सांगायच्या, "दिवाळीपावत मी देखस. मंग नोकरी सोडी दे."

बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आलेली मुलगी! तिनं नोकरी सोडायची, का? तर एस.टी. थांबत नाही म्हणून! मी घरी येऊन इतकी चिडचिड केली की शेवटी आमच्याकडे चार दिवस राहायला आलेले माझे सासरे, आबा, म्हणाले, "सूनबाई, ओरडू नको. माझी गाडी घे."

आबा जळगावला मेहरूणमध्ये राहायचे. त्यांच्याकडे लिलावात घेतलेली एक जुनी गाडी होती. आबांना मोतीबिंदू झाल्यापासून ती दारात नुसती उभी होती. आबांनी ती नुसती दिली नाही, देण्याआधी तिला नवाकोरा आकाशी रंग मारून घेतला. "सुनेला द्यायची, जुनी दिसायला नको," म्हणाले. मग स्वतःही देवपूरला येऊन राहिले, कारण शिकाऊ लायसनवर चालवायची तर शेजारी पक्क्या लायसनवालं माणूस लागतं. आबांना समोरची म्हैस दिसायची नाही, पण लायसन पक्कं होतं! दिवाळीला ते ऑपरेशनसाठी जळगावला परत जाणार होते. म्हणजे दिवाळीच्या आत मला लायसन मिळालं तर आम्ही तिघी रोज वेळेवर घरी, नाहीतर अहिरेबाई कायमच्या घरी.

मी गाडी शिकले. चांगली शिकले. आडवं आलं ते एकच, मागच्या डाव्या बाजूचं इंडिकेटर.

*

पहिल्यांदा धुळ्यातल्याच एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सोबत आमचे हे होते. हे इरिगेशनच्या ऑफिसात क्लार्क. यंत्राशी संबंध सायकलपुरता, आणि उतार आला की तीही हातात धरून चालवायची.

मी नीट सांगितलं, "डावं इंडिकेटर टाकलं की ब्रेकचा दिवा मिणमिणतो. आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर गप होतं."

मेकॅनिकनं ह्यांच्याकडे बघितलं. "साहेब, काय प्रॉब्लेम?"

"तिनं आत्ता सांगितला तोच."

"ते बरोबर आहे साहेब, पण प्रॉब्लेम काय?"

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि शाळेतल्या मुलासारखं म्हणून दाखवलं, "डावं इंडिकेटर टाकलं की ब्रेकचा दिवा मिणमिणतो. आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर गप होतं."

"हां! असं व्यवस्थित सांगा ना!"

त्यानं फ्लॅशर बदलला. फ्लॅशर म्हणजे ती टिकटिक करणारी छोटी डबी. आता गाडीत देवळातल्या घड्याळासारखी टिकटिक व्हायला लागली. मी मागे जाऊन बघितलं, तर दिवा ठार आंधळा!

"अहो, दिवा कुठे लागतोय?"

तो म्हणाला, "आवाज येतोय ना?"

"आवाजाचं काय करू?"

"दिवा मागच्याला दिसतो, बाई. तुम्हाला आवाज ऐकू येतो. गाडी कोण चालवणार, तुम्ही का मागचा?"

*

मग आबा म्हणाले, धुळ्याच्या लोकांना काही कळत नाही, जळगावला माझा माणूस आहे. रविवारी जळगावला गेलो. हा माणूस म्हणजे आगीतून फुफाट्यात.

त्यानं आधी गाडीभोवती एक फेरी मारली. रंगावरून हात फिरवला. मग गंभीर होऊन आबांना म्हणाला, "रंग नवा दिला ना? त्याच्यामुळेच झालं. नजर लागली गाडीला. नारळ फोडा."

आबा म्हणाले, "आमच्या घरात नारळ चटणीसाठी फोडतात. तू वायर बघ."

त्यानं वायर बघितली. दोन तास बघितली. इकडची तिकडे जोडली, मोठा बल्ब घातला, आणि खरंच सांगते, डावा दिवा लागला! लख्ख लागला! आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. आम्ही धुळ्याकडे निघालो.

एरंडोल आलं, समोर कापसाची गाडी. मी हॉर्न दिला. मागे एक ट्रक होता, तो एकदम दबकला. पुढे सायकलवाला, पुन्हा हॉर्न. ट्रक पुन्हा दबकला. मी मनात म्हटलं, किती सभ्य ड्रायव्हर आहे. असं करत करत पारोळा आलं. तिथे रस्ता रुंद होतो, तिथे तो ट्रक शेजारी आला, ड्रायव्हरनं अर्धं अंग बाहेर काढलं आणि ओरडला, "ओ बाई! एरंडोलपासून डावीकडे वळू राहिल्या, पारोळा आलं! वळा ना एकदाच्या!"

उतरून बघितलं. हॉर्न दाबला की डावं इंडिकेटर लागत होतं.

पुढच्या वेळी जळगावला गेलो तेव्हा आबांनी त्या माणसाला जाब विचारला. तो जरासुद्धा वरमला नाही. म्हणाला, "आबा, दिवा लागत नव्हता. आता लागतो का नाही?"

*

शेवटी मी ठरवलं, खड्ड्यात गेला दिवा, हात आहे ना आपल्याला! कायद्यात हाताची खूण चालते. उजवीकडे जायचं तर उजवा हात सरळ बाहेर काढायचा, डावीकडे जायचं तर तोच हात बाहेर काढून गोल फिरवायचा. पुस्तकात चित्र आहे.

पण पुस्तक लिहिणारा साक्री रोडला कधी आला नसावा. आमच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालायची. ड्रायव्हर खिडकीतून हात काढून गोल फिरवतो, म्हणजे 'या, जागा आहे, बसा!' हे त्या रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत. माहीत नव्हतं फक्त मला.

शाळेच्या वळणावर मी डावीकडे वळायला हात गोल फिरवला. गाडी हळू झाली. फाट्यावरून चार माणसं धावत सुटली! मी वळून थांबेपर्यंत एका आजीनं मागचं दार उघडलं, आधी भाजीची पाटी कोल्हेबाईंच्या मांडीवर ठेवली आणि मग स्वतः बसली.

"आजी, ही शाळेची गाडी आहे!"

"ऱ्हाऊ दे ना बेटा. मी साक्रीले उतरी जासू. शाळामा काय करू मी?"

त्यांना उतरवायला दहा मिनिटं गेली. लेटमार्क लागला तो लागलाच. वर दुपारी हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "बैसाणेबाई, सरकारी पगार घेताना जोडधंदा करता येत नाही. तुम्ही सीट भरताना गावानं बघितलंय."

सीट भरताना! मी!

*

लायसनच्या टेस्टला गेलो. कुठल्या ऑफिसात ते विचारू नका. एजंटनं आधीच ह्यांचंही शिकाऊ लायसन काढून ठेवलं होतं, "साहेबांचंही करून टाकू, जोडीनं." ह्यांना वाटलं, फोटो काढायचा असतो, काढून टाकू.

टेस्ट घेणारे साहेब काळा गॉगल लावायचे. आम्ही त्यांना आपापसात गॉगलसाहेब म्हणायचो. मी आठाचा आकडा काढला, एक दगड हलला नाही. रिव्हर्स घेतली, सरळ रेषेत. मग ते म्हणाले, "डावीकडे वळा." मी बटण दाबलं, ब्रेक दाबला, दिवा गप. मग काय करणार? हात बाहेर काढला आणि गोल फिरवला.

"हात आत घ्या! बाईमाणसानं असा भर रस्त्यात हात ओवाळायचा?"

मी म्हटलं, "साहेब, तुमच्याच भिंतीवर चित्र लावलंय." आणि खरंच होतं, त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर मोठं रंगीत चित्र होतं.

त्यांनी वळून चित्र बघितलं. नीट बघितलं. म्हणाले, "त्या चित्रात पुरुष आहे."

आणि मला नापास केलं. कारण, वाहन सदोष!

मग ह्यांची पाळी. त्याच गाडीत. हे बसले, हात जोडले, आणि मला हळूच विचारलं, "यातलं थांबायचं कुठलं?" मी सांगेपर्यंत ह्यांनी क्लचवरचा पाय सोडला. गाडीनं बेडकासारखी एक उडी मारली आणि बंद पडली. आठाचा आकडा राहिला बाजूला, त्याच्या सुरुवातीचा दगडच चाकाखाली गेला.

गॉगलसाहेब जवळ आले. "साहेब कशात आहेत?"

"इरिगेशनमध्ये."

"असं, असं." त्यांनी बॉनेटवर टकटक केली. "जुनी गाडी आहे. क्लच झिजलाय. त्याला माणूस काय करणार?" आणि सही केली. पास!

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली. पण नाचणाऱ्याऐवजी परीक्षकच अंगणाला दोष देतो, हे पहिल्यांदा बघितलं. माझ्या वेळी गाडीचा दोष माझा, आणि ह्यांच्या वेळी ह्यांचा दोष गाडीचा!

घरी अर्थातच मीच गाडी चालवत आणली. आता माझ्याबरोबर पक्क्या लायसनची दोन माणसं होती, एक न दिसणारं आणि एक न येणारं. त्यात ह्यांना रोज ऑफिस, म्हणजे दिवाळीनंतर शाळेच्या वाटेवर माझ्या शेजारी बसायला कुणी नव्हतंच. ह्यांनी एकदा म्हणून बघितलं, "अगं, माझं लायसन तू वापर ना." मी असं बघितलं की ते देवपूरचा पूल ओलांडेपर्यंत खिडकीबाहेर पांझरा बघत बसले. नदीत तेव्हा पाणीही नव्हतं.

*

त्याच दिवसांत अहिरेबाईंच्या सासूबाईंना आम्ही एकदा गाडीत बसवलं. म्हटलं, गाडी बघून तरी मन निवळेल. म्हातारी बसली, सीटवर हात फिरवला, काच वर-खाली करून बघितली. मी वळणावर इंडिकेटर टाकलं. दिवा लागला नाही, पण टिकटिक सुरू झाली, पहिल्या मेकॅनिकच्या कृपेनं.

"हाई काय टिकटिक करी ऱ्हायनं व?" म्हातारीनं विचारलं.

अहिरेबाई एरवी सासूसमोर बोलायच्या नाहीत. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. म्हणाल्या, "आई, फाट्यावर उभी असले की माझ्या डोक्यात हेच वाजतं. तुमचा नातू घरी रडत असेल म्हणून."

म्हातारीनं पुन्हा एकदा काच वर-खाली केली. उतरताना मला म्हणाली, "दिवाळीपावत करी ल्या काय करनं ते." तारीख काही पुढे ढकलली नाही.

*

दिवा शेवटी कोल्हेबाईंनी पकडला, आणि तोही तासावर!

आठवीला विजेचा धडा चालू होता. टेबलावर सेल, वायर, बल्ब मांडून त्या सांगत होत्या की वीज सेलमधून निघून बल्बमधून परत सेलला आली पाहिजे, मंडल पूर्ण झालं तरच दिवा लागतो. वायरचं टोक त्यांनी एका खिळ्याला लावलं, दिवा लागेना. बघितलं तर खिळ्यावर शाळेच्या बाकांचा तपकिरी रंग लागलेला. ब्लेडनं रंग खरवडला, दिवा लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि कोल्हेबाई खडूनं भरलेल्या हातानं वर्ग सोडून बाहेर पळाल्या.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली आबा बसलेले असायचे. बिचारे रोज आमच्याबरोबर यायचे आणि पाचपर्यंत तिथेच रेडिओ ऐकायचे. कोल्हेबाई चिडल्या की त्यांची माहेरची बोली बाहेर पडायची. अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आबा! या गाडीले रंग काहून मारला हो तुम्ही?"

आबा गोंधळून उभे राहिले. मधली सुट्टी झाली तशा आम्ही दोघीही धावलो. कोल्हेबाईंनी मागचा दिवा उघडला. गाडीत दिव्याची वीज परत जाते ती पत्र्यातून. दिवा पत्र्याला जिथे टेकतो, नेमकी तीच जागा आकाशी! आबांचा पेंटर इतका इमानदार निघाला की त्यानं दिवा काढून आतूनसुद्धा दोन हात मारले होते.

"मला पहिल्याच दिवशी कळायला पाहिजे होतं," कोल्हेबाई म्हणाल्या. "पण गॅरेजवाल्यांना मिशा होत्या. मला वाटलं, त्यांना कळत असेल."

सुनेसाठी हौसेनं दिलेला रंग, आणि त्याच रंगानं सगळा घोटाळा केलेला! मग आबांनी हात पुढे केला. "घासायचंय ना? द्या काहीतरी टोकदार. मी मारला, मीच काढतो."

अहिरेबाईंनी कंपासपेटीतलं कर्कटक दिलं. आबांना दिसत नव्हतं. डाव्या हाताच्या बोटानं जागा चाचपत, उजव्या हातानं ते हळूहळू रंग खरवडत होते. खाली पत्रा चमकायला लागला. कोल्हेबाईंनी जळगावच्या माणसाची हॉर्नची जोडणी उपटून काढली आणि दिवा बसवला. मी बटण दाबलं.

"लागला का?" आबांनी विचारलं.

दिवा लागत होता, विझत होता, लागत होता. ब्रेक दाबला तरी लागत होता. मला रडू आलं. रागानं आलं बरं का! एवढ्याशा जागेसाठी आम्ही किती जणांचं ऐकून घेतलं होतं!

*

हा किस्सा छोटा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्याच आठवड्यात पेट्रोल भरताना तो धुळ्याचा पहिला मेकॅनिक भेटला. दिवा लागताना बघून थक्क झाला. मी म्हटलं, "काही नाही, रंगामुळे पत्र्याचं अर्थिंग मिळत नव्हतं. खरवडलं, झालं."

तो शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडे वाकला आणि म्हणाला, "वा साहेब! हात आहे तुमचा!"

*

आणि आता शेवटची टेस्ट.

दिवाळीला आठवडा राहिला होता. आम्ही सगळेच गेलो. आबा आले, कोल्हेबाई आल्या, ह्यांनी रजा काढली. अहिरेबाई बाळाला घेऊन आल्या, म्हणाल्या, "घरी बसून वाट बघणं जमणार नाही मला." बाळ ह्यांनी खांद्यावर घेतलं होतं.

गॉगलसाहेब तेच. मी आठ काढला. रिव्हर्स घेतली. डावीकडे वळले, दिवा लागला. उजवीकडे वळले, दिवा लागला. ब्रेक दाबला, लागला. हात स्टिअरिंगवरच घट्ट धरून ठेवला होता, चुकून कुणाला बोलावलं जायला नको! गाडी जाग्यावर आणून उभी केली. आता नापास कशात करणार?

साहेबांनी मागे जाऊन दिव्यावर बोटानं टिचकी मारली. "दुरुस्ती कुठे केली?"

"शाळेत," कोल्हेबाई म्हणाल्या. "आम्हीच केली."

साहेब हसले. चांगले हसले. "म्हणूनच विचारलं. आज लागतोय, उद्याचं काय? असल्या घरगुती कामावर मी सही करत नाही. गॅरेजमध्ये पक्कं काम करून घ्या आणि दिवाळीनंतर या."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात अहिरेबाई पुढे झाल्या. "साहेब, दिवाळीनंतर मी नसेन."

"का? कुठे बदली?"

"कुठेच नाही. घरी."

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी माझा कागद फाइलीत सरकवला. अहिरेबाई माघारी फिरल्या आणि बाळाच्या टोपीची नाडी, जी सुटलेलीच नव्हती, ती बांधत बसल्या.

तेवढ्यात साहेबांचा ड्रायव्हर आला. मघापासून लांबून सगळं बघत होता. अंग चोरून म्हणाला, "साहेब, आपली जीपले बी हाऊच रोग शे. डावं बटन दाबं का मांगला बठ्ठा दिवा लागतस. रंग दिधा तवयपाईन. तीन गॅरेज करी उनू." मग आमच्याकडे बोट करून म्हणाला, "त्या बाईले इचारू का?"

डावं बटण दाबलं की मागचे सगळेच दिवे लावणारी ती जीप समोरच उभी होती. नवीकोरी रंगवलेली, चकचकीत.

साहेब वैतागले. "बाईंना काय विचारतोस? त्यांच्या मिस्टरांना विचार!"

ड्रायव्हर ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. टेस्टला आलेले सगळे लोक बघायला लागले. बाळ ह्यांच्या खांद्यावर झोपलं होतं, ते जागं होऊ नये म्हणून हे अगदी हळू बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"साहेब, मला तर तुम्हीच पास केलंय. मला काय येणार?"

गॉगलसाहेबांनी गॉगल काढला, पुसला, पुन्हा लावला. कोल्हेबाईंनी पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या कागदावर सहीसाठी साहेबांपुढे धरलं.